हरवले आहे, पण गेलेले नाही

हरवणे आणि न सापडणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने जाडजूड लेजरांच्या काळात बँकेत खर्डेघाशी केली, त्यालाच कळते. लेजर कपाटात असे, खाते लेजरात असे. फक्त इंडेक्सचे पान फाटलेले असे. तेवढ्यावरून खातेदार असा चेहरा करी, की जणू आम्हीच त्याचे पैसे खाल्ले!

युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीतही हेच होते. 1969 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी ती उभारायला घेतली. तिच्यात फायलीचे नाव फायलीजवळ नसतेच. मालक कोण, आकार किती, मजकूर डिस्कवर कुठे कुठे पसरलाय, हा सगळा संसार 'आयनोड' नावाच्या नोंदीत. नाव मात्र डिरेक्टरीत. डिरेक्टरी म्हणजे आपला इंडेक्सच: इकडे नाव, तिकडे आयनोडचा नंबर. लिहिता लिहिता वीज गेली, की हे पान चुरगळू शकते. फायली जागच्या जागी सुखरूप. हाक मारायला मात्र कोणी नाही.

मग 'एफएससीके' नावाचे तपासनीस येतात. पहिली अट, व्यवहार बंद ठेवा. चालू काउंटरवर तपासणी नाही. मग पाच फेऱ्या: ब्लॉक, मार्ग, जोडणी, किती नावे कोणाकडे बोट दाखवतात त्याची मोजणी आणि शेवटी मोकळ्या जागेचा हिशेब. दर गफलतीला विचारणार, "दुरुस्त करू?" सगळ्यालाच आगाऊ 'हो' म्हणायची सोय आहे, पण ती कोऱ्या व्हाउचरवरची सही! म्हणून जाणती माणसे आधी डिस्कची नक्कल काढून ठेवतात.

बेवारस फायली 'लॉस्ट प्लस फाउंड'मध्ये जातात. हे आमचे सस्पेन्स खातेच. तिथे नावाच्या जागी नुसता आयनोडचा नंबर: #48213. एखादी पोटडिरेक्टरी सबंध सापडली, तर आतल्या मंडळींची नावे शाबूत असतात. कुटुंबप्रमुख तेवढा अनामिक!

तपासनीसांचा ताळा जुळतो आणि ते निघून जातात. पण #48213 म्हणजे मुलीच्या लग्नातल्या आहेराची यादी, की कर्जाचा अर्ज, हे त्यांना काय ठाऊक? मालक, तारीख, आकार बघून आणि फाईल उघडून वाचूनच ते ठरवावे लागते. नाव परत द्यायला घरचेच माणूस हवे. सस्पेन्समधली रक्कम कोणाची, हेही ताळेबंद कधी सांगत नाही. ते शाखेतल्या जुन्या शिपायालाच विचारावे लागते.