पळून गेलेल्या कुत्र्याचं यकृत

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण मूठ कोणाची, ते म्हण सांगत नाही. आत काय आहे हे मूठवाल्याला ठाऊक असतं आणि बघणाऱ्याला नसतं, एवढ्याच भांडवलावर ती म्हण चालते. साडेतीन किलोच्या यॉर्कशायर टेरियरपुढे हा हिशेब कोलमडतो. मूठ त्याची, पण आत काय आहे याचा त्यालाच पत्ता नाही. मालकाला नाही, डॉक्टरलाही नाही. मग ते सव्वा लाख कोणाच्या खात्यावर मांडायचे?

त्यातला सव्वाही विचित्रच. लाख नाही, दीड लाख नाही, नेमके सव्वा. वरचा पाव कुठून आला? कोणीतरी मूठ न उघडताच मोजून पाहिल्याचा आव आणलेला असावा. गोल आकड्यापेक्षा असा तिरपा आकडा सांगितला की माणसं चटकन विश्वास ठेवतात. रक्ताचे रिपोर्टही आकडे दशांशासकट छापतात.

निमित्त बहुतेक वेळा भलतंच असतं. नसबंदी करायची असते किंवा दात साफ करायचे असतात, भूल द्यायची म्हणून आधी रक्त तपासतात, आणि एसजीपीटीसमोर एक जाड 'एच' उमटतो. मराठी मध्यमवर्गीय घरात एसजीपीटी ही अनोळखी गोष्ट नाही. लगेच कोणाच्या तरी काकांचं किती आलं होतं आणि काका अजून कसे ठणठणीत आहेत, हे निघतं. आजी म्हणते, उड्या मारतोय, खातोय, बेल वाजली की इमारत डोक्यावर घेतोय. हे विकतचं दुखणं कशाला?

आजीच्या बाजूने गणितही आहे. निरोगी जनावरांपैकी मधली 95 टक्के ज्यात बसतील, अशा बेताने 'नॉर्मल'ची चौकट आखतात. म्हणजे धडधाकट कुत्र्याच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर त्यातली एखादी तरी चौकटीबाहेर जाण्याची शक्यता 64 टक्के. शिवाय एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतलं एन्झाइम. पेशीला इजा झाली की ते रक्तात झिरपतं. इजा झाली एवढंच ते सांगतं. यकृत काम किती करतंय, याबद्दल मौन पाळतं.

काम किती, हा लहान कुत्र्यांतला खरा प्रश्न. आतड्यांकडून निघालेलं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी यकृताच्या नाक्यावर थांबायला हवं. तिथे अमोनियासारखा माल उतरवला जातो आणि मग गाडी पुढे सुटते. काही पिल्लं जन्मतःच एक चोरवाट घेऊन येतात. तिला शंट म्हणतात. मोठ्या जातींत ती सहसा यकृताच्या आतच असते, लहान जातींत बाहेरून. उत्तर अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतल्या 1980 ते 2002 मधल्या नोंदी चाळून केलेला अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. तिथे आलेल्या हॅवनीज कुत्र्यांपैकी 3.2 टक्क्यांत शंट आढळला होता, यॉर्कशायर टेरियरमध्ये 2.9, माल्टीजमध्ये 1.6, पगमध्ये 1.3 टक्के. मिश्र जातीच्या कुत्र्यांत अवघा 0.05. त्याच 2003 साली आपल्याकडे हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग एका मुलाच्या मागे मागे चालू लागला आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत पगांची रीघ लागली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी ते साल डोक्यातून जात नाही.

चोरवाट शोधायची पहिली पायरी म्हणजे बाइल ॲसिडची तपासणी. घरात मधुमेह असलेल्यांना ती समजावून सांगावी लागत नाही: एक फास्टिंग, एक जेवणानंतर दोन तासांनी. रात्रभर उपाशी असलेला जीव स्टीलच्या टेबलावर चढवतात, पुढच्या पायावरचे केस बोटभर भादरतात, पट्टी आवळतात. शीर शेवयीएवढी. मग खायला देतात, आणि दोन तास तो भादरलेली जागा चाटत बसतो. दुसऱ्या सुईच्या वेळी त्याला सगळं कळलेलं असतं, टेबलाचा कोपरा दिसताच पाय रोवतो. एवढं करून कधीकधी फास्टिंगचाच आकडा जेवणानंतरच्या आकड्यापेक्षा मोठा येतो, कारण पित्ताशय उपाशीपोटीच आपल्या मर्जीने आकुंचन पावलेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1995 साली माल्टीज कुत्र्यांबद्दल लिहून ठेवलंय, की शंट नसलेल्या धडधाकट माल्टीजमध्येही जेवणानंतरचा आकडा सर्रास चढा येतो. आणि चोरवाट नसली तरी यकृताच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांची रचनाच जन्मतः बिघडलेली असू शकते. अशा बहुतेक कुत्र्यांना आयुष्यभर काहीही होत नाही. चढा आकडा तेवढा सोबत राहतो.

इथे एक कुत्रा मध्येच घुसतो. त्याचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही.

1877 सालचं सेंट पीटर्सबर्ग. निकोलाय एक्क हा रशियन लष्करी सर्जन. यकृत आक्रसलेल्या रुग्णांच्या पोटात पाणी होतं, त्यावर त्याला उपाय हवा होता. पोर्टल व्हेन खालच्या महाशिरेला जोडून यकृताला वळसा घालायचा, असं त्याने ठरवलं आणि आठ कुत्र्यांवर ते करून पाहिलं. आठवड्याभरात सात मेले. आठवा अडीच महिने जगला आणि प्रयोगशाळेतून पळून गेला. या एका पळपुट्याच्या भरवशावर एक्कने छापून टाकलं, की हे रक्त असं वळवल्याने शरीराला धोका नाही, आता माणसावर करायला हरकत नसावी.

हा कुत्रा गेला कुठे? रशियातल्या थंडीत त्याने काय खाल्लं? प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. पुढे त्याच शहरात पाव्हलोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच ऑपरेशन पुन्हा केलं आणि 1893 साली निष्कर्ष छापले. जगलेली कुत्री बदलली होती. गरीब स्वभावाची चिडकी झाली, झोकांड्या जाऊ लागल्या, काहींना दिसेनासं झालं, झटके आले, आणि हे विशेषकरून मांस खाल्ल्यावर. काहींनी तर मांसाला तोंड लावणंच सोडलं. म्हणजे पळालेला कुत्रा एखाद्या बेकरीच्या दाराशी पडून राहिला असेल, तर कदाचित बरा जगला असेल. खाटकाच्या दाराशी गेला असेल, तर नाही. एक्कच्या कागदावर मात्र तो कायमचा 'लक्षणं नसलेला' राहिला, कारण लक्षणं बघायला पुढे कोणी नव्हतंच.

मांसाला तोंड न लावणारी ती कुत्री प्रस्तुत लेखकाला फार त्रास देतात. त्यांना काहीतरी कळलं होतं. आणि आपल्या घरांत? 'हा ना, पहिल्यापासून खाण्याचे नखरे करतो.' 'जेवला की तासभर गुंगीतच असतो, शहाणा आहे.' 'पाणी फार पितो, आपल्याकडे उकाडाच केवढा.' निदान झालं की हीच वाक्यं तोंड पाडून पुन्हा उच्चारली जातात. त्याहून गंमत पिल्लांच्या बाजारात. वाढ खुंटणं हे शंटचं एक ठळक लक्षण. पण भावंडांत सगळ्यात बारकं राहिलेलं पिल्लू 'टीकप' म्हणून जास्त भावाने विकलं जातं. बारकं पिल्लू आजारीच असतं, असं मुळीच नाही. पण ज्या लक्षणाची किंमत वाढवून मिळते, त्याला लक्षण म्हणणार कोण? सव्वा लाखातला तो वरचा पाव कदाचित हाच.

एवढं लिहून झाल्यावर आजी पुन्हा आठवते. प्रत्येक नखऱ्याची नोंद ठेवायची म्हटलं, तर घरात कुत्रा उरायचा नाही, फाइल उरेल. रक्तवाहिन्यांत नुसती बारीक गडबड असलेल्या, हसत्याखेळत्या कुत्र्याचं प्रोटीन तोडून त्याला आयुष्यभर औषधांवर ठेवणं, हेही घडतं. शंट आणि ही बारीक गडबड यांतला फरक सांगायला प्रोटीन सी नावाची आणखी एक रक्ततपासणी मदत करते: 70 टक्क्यांच्या वर असेल तर शंटची शक्यता कमी, खाली असेल तर जास्त. मदत करते, निकाल देत नाही. त्यापुढे सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन, त्यासाठी पुन्हा भूल.

आणि समजा, शंट सापडलाच. वाटेवर एक कडं बसवतात, ज्यात केसीन म्हणजे दुधातलं प्रोटीन भरलेलं असतं; ते फुगत जातं आणि काही आठवड्यांत वाट बंद होते. ज्या प्रोटीनच्या धास्तीने ताटातलं मांस काढलं, त्याच्याच एका भावंडाकडून हे काम करून घेतात. पिल्लाला लक्षणं असतील, तर बहुतेक सर्जन ऑपरेशनचाच सल्ला देतात. पण सात वर्षांचा, कधी झटका न आलेला, दात साफ करायला आणला म्हणून सापडलेला कुत्रा असेल, तर त्यांच्यातही एकमत नाही. वाट बंद केल्यावर आलेलं रक्त काही यकृतांना पेलत नाही, काही कुत्र्यांना झटके येतात ते ऑपरेशननंतरच, आणि वय जास्त असेल तर ती भीती जास्त. न केलं तर यकृत लहानच राहतं, मूत्रात खडे होऊ शकतात, किंवा काहीच होत नाही.

सध्या बाइल ॲसिड महिन्याभराने पुन्हा करायचं आणि तोवर कलेजी बंद, असं ठरतं. ती कुत्र्यासाठी बंद केली की घरच्यांच्या समाधानासाठी, यावरून घरात दोन तट आहेत.