ट्रॉम्बेचं देणं

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज 'अप्सरा'चा दिवस. १९५६ साली याच तारखेला, दुपारी पावणेचारला, ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पायथ्याशी ती अणुभट्टी चालू झाली. सोव्हिएत रशिया वगळला तर आशियातली पहिली. इंधन ब्रिटनहून आलं होतं, आराखडा आणि बांधणी इथल्या माणसांची. आमचे आप्पा तेव्हा तासगावकडच्या एका खेड्यात बारा वर्षांचे होते. पुढे ते इथे टर्नर म्हणून लागले, आम्हाला अणुशक्तीनगरात क्वार्टर मिळालं, मी शिकले, शिक्षिका झाले. माझ्या ताटातल्या भाकरीचा माग काढत गेलं की मी त्या पावणेचारपाशी पोचते.

त्याच्याही मागे जावंसं वाटतं. होमी भाभा केंब्रिजला गेले ते वडिलांच्या इच्छेने इंजिनिअरिंग शिकायला. मन मात्र भौतिकशास्त्रात. १९३९ मध्ये सुट्टीसाठी घरी आले आणि युरोपात युद्ध पेटलं. परतीची वाट बंद झाली म्हणून ते बंगळूरला राहिले. तिथून मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटांच्या ट्रस्टला पत्र लिहिलं की एक संस्था काढू या, म्हणजे उद्या अणुशक्तीची वीज निघू लागेल तेव्हा देशाला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागणार नाहीत. हिरोशिमाला अजून जवळपास दीड वर्ष होतं. देश पारतंत्र्यात होता. हाती काहीही नसताना इतक्या ठामपणे पुढचं लिहिणं, याला मी श्रद्धाच म्हणते. देवघरातल्या श्रद्धेहून ती मला वेगळी वाटत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. संध्याकाळी ट्रॉम्बे कोळीवाड्यात गेले. होड्या रंगवलेल्या, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, सोन्याचा मुलामा दिलेला नारळ वाजतगाजत धक्क्यावर चाललेला. या खाडीच्या काठाने गेल्या सत्तर वर्षांत काय काय सोसलं! माहुलकडे तेलशुद्धीकरणाचे कारखाने, मग टाटांचं वीजकेंद्र, मग खताचा कारखाना. सगळं आम्हाला हवंच होतं. खाडीतली मासळी मात्र कमी होत गेली. तरी नारळ वाहायला कोणी मागे राहत नाही. माझ्याजवळ उभ्या असलेल्या एका आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "दर्यानं आजवर पोसलं ना, बाय. आता त्यानंच दुखणं काढलंय तर त्याला सोडायचं का?"

योगायोग असा की 'ध्रुव' ही अणुभट्टीही १९८५ मध्ये ८ ऑगस्टलाच सुरू झाली. आज चाळीस वर्षं झाली. शंभर मेगावॅटची, आपल्याच माणसांनी उभी केलेली. सुरुवातीला इंधनाच्या नळ्या थरथरत. कारण शोधून, बदल करून, पूर्ण क्षमतेने चालायला १९८८ उजाडलं. आप्पा घरी कामाचं अवाक्षर काढत नसत. तो त्यांचा नियम होता. पण त्या काळात कामावरून आले की अंगणात बराच वेळ नुसते बसत, एवढं आठवतं. त्यांच्या कामाचा त्या भट्टीशी संबंध होता की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

ही भट्टी ज्यांच्या हातून घडली त्यांत अनिल काकोडकर होते. त्यांचे वडील पुरुषोत्तम काकोडकर गोव्याच्या सत्याग्रहात पकडले गेले, पोर्तुगीजांनी त्यांना थेट पोर्तुगालला नेलं. मुलाला वाढवलं ते आई कमलाताईंनी. मध्य प्रदेशातल्या खरगोनमधून तो मुलगा मुंबईत रुपारेलला आला, मग व्हीजेटीआय, मग ट्रॉम्बेच्या प्रशिक्षण शाळेत. पुढे अणुऊर्जा आयोगाचा अध्यक्ष. ज्या बाईचा नवरा समुद्रापलीकडे कैदेत आहे, ती मुलाचा अभ्यास घेते तेव्हा तिच्या मनात काय चालत असेल, याचा विचार मी शिकवत असताना फार वेळा केला आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस कोसळतोय. म्हैसूर कॉलनीजवळ मोनोरेल भरल्या डब्यांनिशी अडकली, अग्निशमन दलाच्या जवानांनी शिड्या लावून माणसं उतरवली. टीव्हीवर पाहिलं. एका जवानाने लहान मूल छातीशी धरलं होतं.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरीपूजन. गावाहून चुलतभावाने शेंगदाण्याची पिशवी पाठवली. फराळाला चटणी केली. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, टॅग चोवीस आहे, तुमच्याच तिकडचा."

खरंच आहे. या वाणाच्या नावात ट्रॉम्बे आहे आणि अकोला आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांचा मारा करून बियाण्यात बदल घडवले, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर वाण पक्का केला आणि नव्वदच्या दशकात तो शेतकऱ्याच्या हाती आला. बुटकं झाड, लवकर येणारं पीक. ज्या गावातून आप्पा पोटासाठी ट्रॉम्बेला आले, त्याच गावात ट्रॉम्बेहून बी गेलं. आप्पा असते तर त्यांनी मूठभर दाणे हातावर घेऊन, फुंकर मारून, एकेक पाहिला असता.

८ सप्टेंबर, सोमवार

ईद-ए-मिलादची मिरवणूक आज निघाली. ईद शुक्रवारीच होती, पण शनिवारी अनंत चतुर्दशीचं विसर्जन, म्हणून मुंबईतल्या मुसलमान मंडळींनी जुलूस पुढे ढकलला आणि सरकारी सुट्टीही आजची झाली. एवढा समंजसपणा सहज होतो असं मला वाटत नाही. मी चीता कॅम्पला गेले. इथल्या पालिकेच्या शाळेत माझं सगळं आयुष्य गेलं. सरबताच्या प्रत्येक टेबलापाशी कोणी ना कोणी "बाई!" म्हणून थांबवत होतं.

या वस्तीबद्दल मला जे लिहायचं आहे ते फार दिवस राहिलं आहे. चीता कॅम्पमधल्या जुन्या कुटुंबांचं मूळ घर इथे नाही. ती जनता कॉलनीत राहत, आमच्या वसाहतीला लागून. तिथेही ती आपण होऊन आली नव्हती. पन्नासच्या दशकात शहरातल्या वस्त्या उठवून त्यांना तिथे पाठवलं होतं. त्यांनी दलदल भरली, शाळा काढल्या, देवळं-मशिदी-चर्च बांधली. मग अणुऊर्जा केंद्राला ती जमीन हवी झाली. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, पोलीस आणि बुलडोझर आले आणि सुमारे ७० हजार माणसं पुन्हा एकदा खाडीकाठच्या चिखलात येऊन पडली.

आम्ही क्वार्टरमध्ये आलो १९७८ मध्ये. मी बारा वर्षांची होते. रुंद रस्ते, झाडं, चोवीस तास पाणी. आई म्हणायची, देवाने दिलं. मीही तसंच म्हणायचे. पुढे वर्गातल्या मुलांच्या आजीआजोबांकडून मी जनता कॉलनीच्या गोष्टी ऐकल्या, तेव्हा देवाच्या बरोबरीने आणखी कोणाकडून ते आलं होतं हे कळलं. ज्यांनी राजीखुशीने दिलं त्यांचे आभार मानता येतात. ज्यांच्याकडून काढून घेऊन आपल्याला दिलं गेलं, त्यांच्यापुढे नुसते हात जोडणं मला पुरेसं वाटत नाही. शाळा निवडायची वेळ आली तेव्हा मी हीच शाळा मागून घेतली, ती या कारणाने. कोणाला सांगितलं नव्हतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

धाकट्या बहिणीला आज किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला. थायरॉइडचा कर्करोग, शस्त्रक्रिया उन्हाळ्यात झाली. एक छोटी कॅप्सूल, शिशाच्या डबीतून आणलेली. ती घेतल्यावर काही दिवस वेगळ्या खोलीत राहायचं, कोणी जवळ जायचं नाही. मी काचेतून हात केला.

आयोडीन-१३१ ची शक्ती दर आठ दिवसांनी निम्मी होते. साठवून ठेवायची सोयच नाही. म्हणजे देशात रोज कुठे ना कुठे कोणाला तरी ही कॅप्सूल मिळावी म्हणून ट्रॉम्बेच्या भट्टीत ते सतत बनवत राहावं लागतं, शुद्ध करावं लागतं, मोजून वेळेवर गाडीत घालावं लागतं. रात्रपाळीला असलेल्या कोणा माणसाने माझ्या बहिणीचं नावही न ऐकता हे केलं. रात्री देवापुढे दिवा लावला. बहिणीसाठी मागणं मागितलं आणि त्या अनोळखी माणसाच्या घरच्यांसाठीही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

बहिणीचा स्कॅन चांगला आला. पेढे घेऊन चीता कॅम्पला गेले.

आज जोकिन अर्पुथम यांना जाऊन सात वर्षं झाली. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावातला हा ख्रिश्चन तमिळ मुलगा १९६३ मध्ये मुंबईत आला, सुतारकाम करत जनता कॉलनीत उघड्यावर झोपला. कचरा उचलायला कोणी येईना, तेव्हा त्यांनी वस्तीतल्या मुलांच्या हाती कचऱ्याच्या पुड्या दिल्या आणि वरात पालिकेच्या दारात नेली. कॉलनी वाचवायला कोर्टात गेले, दिल्लीत इंदिरा गांधींपर्यंत गाऱ्हाणं नेलं. कॉलनी वाचली नाही. पण त्या लढ्यातून त्यांचा पुढचा रस्ता निघाला: झोपडीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ, मग 'स्पार्क' आणि भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायकांची 'महिला मिलन', रोजची रुपया-दोन रुपयांची बचत, वस्तीची मोजणी वस्तीनेच करायची रीत. ही रीत आफ्रिकेतल्या वस्त्यांपर्यंत गेली. २००० मध्ये मॅगसेसे, २०११ मध्ये पद्मश्री.

भाभांचा फोटो आमच्या घरात होता. जोकिनभाईंचा नव्हता. दोघांनीही ट्रॉम्बेच्याच मातीत काम केलं आणि दोघांचंही देणं माझ्याकडे आहे. आता दोन्ही फोटो शेजारी लावणार आहे. फ्रेम करायला टाकून आले.

गल्लीत एक जुनी विद्यार्थिनी भेटली, आता बचत गट चालवते. पेढा घेतला आणि लगेच म्हणाली, "बाई, रिटायर झालात ना? दहावीची पोरं आहेत, गणितात मार खातात. आमच्या ऑफिसची खोली संध्याकाळी रिकामी असते."

"कधीपासून?"

"भाऊबीज होऊ द्या. सत्तावीस तारीख, सोमवार."

हो म्हटलं. सात ते नऊ. वर्गसमीकरणांपाशी अडलंय म्हणे. खोलीत फळा आहे, डस्टर नाही. ते मी नेईन.