मिरगातली शेवंती

शेवंतीचं कलम मागायला लोक हटकून फुलांच्या दिवसांत येतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी कुंपणावरून पिवळाजर्द ताटवा दिसला की हाक येते, "काकू, याची एक फांदी द्या ना, आमच्याकडं लावते." मी सांगते, फुलं लागतील तेवढी तोडून न्या, पण कलमाला मिरगात या. विचारणारीला वाटतं, मी टाळतेय. तसं नसतं. फुलावर आलेल्या फांदीचा सगळा जोर कळीकडं गेलेला असतो. ती मातीत खोचली तर मुळं धरायच्या आधीच बहुतेक वेळा कुजते, आणि जगलीच तर किडकिडीत वाढून अवेळी कळ्या दाखवते. त्याच झाडाचा बोटभर कोवळा शेंडा पाऊस पडल्यावर लावा, दोन-तीन आठवड्यांत खाली पांढरी मुळं तयार.

मधे उन्हाळा आहे, हीच काय ती अडचण. परभणीत शेवंती फुलवणं अवघड नाही; आमच्याकडची थंडी तिला मानवते, डिसेंबरात पारा एक आकडी झाला तरी ती कुरकुरत नाही. अवघड आहे ते मार्च ते जून तिला जिवंत ठेवणं. मे महिन्यात इथं पारा 44च्या आसपास जातो, काळी माती भेगाळते, बोअरचं पाणी आटतं. त्या दिवसांत शेवंतीकडं बघण्यासारखं काहीच नसतं, म्हणून कुणी बघत नाही आणि कुंडी सुकून जाते. पुढच्या दिवाळीत पुन्हा नर्सरीतून नवी येते.

बियांनी हे काम का होत नाही, असं नवशिके विचारतात. आपल्या गावानं देशाला बियांतून एक मोठी गोष्ट दिली आहे: परभणी क्रांती भेंडी. 1972 साली इथं स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाची, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची, ही जात 1985 मध्ये आली. पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारी म्हणून ती कुठल्या कुठल्या राज्यांत गेली. भेंडी बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळते, म्हणून मूठभर बी पिशवीतून पाठवलं की तिकडं तीच भेंडी उगवते. शेवंतीचं तसं नाही. तिचे स्वतःचे पराग तिला सहसा चालत नाहीत, दुसऱ्याच झाडाचे लागतात. शिवाय तिची गुणसूत्रं सहा संचांची, साधारण 54. त्यामुळे बी पेरलंत तर उगवेल ते वेगळंच काही असेल, रंग वेगळा, पाकळी वेगळी, वास वेगळा. नवी जात काढणाऱ्याला ते हवंच असतं. मला मात्र गंगाखेडच्या मावशीकडची झिप्री शेवंतीच हवी आहे, तिच्यासारखी दुसरी नको. त्याला वाट एकच, झाडाचाच तुकडा लावायचा.

जानेवारीअखेर फुलं ओसरली की मी झाड जमिनीपासून वीतभर ठेवून कापते. बघणाऱ्याला क्रूर वाटतं. पण त्या कापण्यानंतरच बुडातून काश्या वर येतात, मातीखालून निघालेले आखूड, गुबगुबीत फुटवे, ज्यांना खाली स्वतःची मुळं असतात. आमच्या भागातल्या बहुतेक घरांत शेवंती या काश्यांवरच चालते. फेब्रुवारीत कुंडी उलटी करायची, गड्डा हातानं मोकळा करायचा, काश्या सुट्या करून लावून टाकायच्या. सोपं आहे, आणि चुकत नाही. तरी मी काश्यांवर थांबत नाही. काशी मातीतून येते, म्हणून मातीतली बुरशी, सूत्रकृमी, जुन्या मुळांची कूज सगळं बरोबर घेऊन येते. वरचा शेंडा हवेत वाढलेला, स्वच्छ. म्हणून मी काश्यांना आई-झाडं करते आणि जूनमध्ये त्यांचे शेंडे घेते. हा फेरा लांबचा आहे, पण चार वर्षं नुसत्या काश्यांवर काढलेली कुंडी आणि दरवर्षी शेंड्यांवर नवी केलेली कुंडी शेजारी ठेवून पाहा. पानांच्या रंगातच फरक कळतो.

उन्हाळ्यात आई-झाडांना मी हौदाजवळ भिंतीच्या आडोशाला ठेवते. सकाळचं तिरपं ऊन तासभर, मग दिवसभर भिंतीची सावली. कुंड्या एकमेकींना चिकटून, भोवती ओलं गोणपाट. पाणी सूर्य उगवायच्या आत, नाहीतर अंधार पडल्यावर. तापलेल्या कुंडीत दुपारी पाणी ओतलं तर मुळं शिजतात. कोरड्या उष्णतेत पानांच्या मागं लाल कोळी धरतो, पान धुरकट होतं, मागं बारीक जाळी दिसते. औषधाआधी पाणीच: दोन दिवसांआड पानं उलटी करून खालून फवारा मारायचा. या काळात खत देत नाही. झाड वाढावं अशी अपेक्षाच नसते, टिकावं एवढीच असते. एखादी चुकार कळी एप्रिलमध्येही येते, ती दिसताक्षणी खुडायची.

रोहिणीचा वळीव येऊन गेला, हवेत ओल आली की झाड हलतं. पानं मोठी, गडद होतात, शेंडे सरसरून वर येतात. मग आर्द्रा लागायच्या सुमारास कलमं.

आदल्या संध्याकाळी आई-झाडांना भरपूर पाणी. सकाळी दव असतानाच शेंडे घ्यायचे, कारण तेव्हा त्यांच्यात पाणी भरलेलं असतं. कुठला शेंडा घ्यायचा हे डोळ्यांपेक्षा बोटांना कळतं. वाकवला की गवारीच्या शेंगेसारखा कट्‌कन मोडला पाहिजे. नुसता वाकला तर फार कोवळा आहे, कुजेल; चिवट होऊन सालीवर लोंबकळला तर जून झालाय, रुसून बसेल. बोटभर लांब, पाच ते सात सेंटिमीटर, चार-पाच पानांचा. नव्या ब्लेडनं पेराच्या अगदी खाली आडवा काप. कात्री नको, कात्री दाबते, आणि दाबलेल्या देठाला बुरशी आधी लागते. खालची दोन-तीन पानं काढायची, ओरबाडून नाही, देठ साधारण अर्धा सेंटिमीटर ठेवून. मोठी पानं असतील तर निम्मी कापायची. मुळं नसलेल्या शेंड्याला पाणी पिता येत नाही पण पानं उडवत राहतात, तेव्हा उडवणारी जागा कमी केलेली बरी.

वाळू मी दुधनेची घेते. तिच्यात गाळ फार, म्हणून बादलीत घोळून पाणी निवळ येईपर्यंत धुवायची, मग वर उकळतं पाणी. ज्यांना नदीची वाळू मिळत नाही त्यांनी कोकोपीट घ्यावं, पण पिळून, ठिबकणारं नको. पसरट कुंडी, तळाला खापरं, वर चार बोटं वाळू. कलमाचा खालचा पेर मुळं फुटण्याच्या पावडरीत टेकवायचा आणि झटकायचा; जास्त लावली म्हणून मुळं जास्त येत नाहीत, उलट देठ करपतो. शेंडा थेट खुपसला तर पावडर वाळूला घासून वरच राहते. आधी उदबत्तीच्या काडीनं भोक पाडायचं, त्यात कलम सोडायचं, दोन बोटांनी बाजूची वाळू दाबायची. पानं वाळूला टेकता कामा नयेत. झारीनं एकदा पाणी, आणि वर बुड कापलेली प्लास्टिकची बाटली, झाकण काढून.

ही पावडर नवलाची वस्तू आहे. शेंड्यातल्या कोवळ्या पानांत झाड स्वतःच ऑक्झिन तयार करतं आणि ते देठातून खाली पाठवत राहतं. देठ कापला की वाट संपते, ते कापाजवळ साचतं, आणि जिथं एरवी खोडच राहिलं असतं तिथल्या पेशी मुळं व्हायला लागतात. हॉलंडच्या फ्रिट्स वेंट यांनी 1928 मध्ये ओटच्या अंकुरांवर हे द्रव्य वेगळं पकडून दाखवलं. 1935 मध्ये अमेरिकेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्ल लावून कलमांना मुळं आणली. आपल्या डबीत तेच असतं. शेवंतीला ते नसलं तरी चालतं, ती मुळातच मुळं धरायला उत्सुक. पण पावडरीनं सगळी कलमं एकाच सुमाराला मुळावर येतात, मग ती एकदम उचलता येतात.

पुढचे आठ दिवस हात लावायचा नाही. नवी माणसं इथंच घसरतात. रोज उपटून पाहतात आणि आलेलं मूळ तोडतात. मूळ धरल्याची खूण वर दिसते: मरगळलेलं पान ताठ होतं, मधल्या डोळ्याला पोपटी तकाकी येते. तेव्हा बाटली सकाळ-संध्याकाळ थोडी थोडी काढायची. मुळं एक इंचाची झाली की कुंडीत.

कुंडीत नुसती काळी माती घालू नका. आपली काळी कापसाला, ज्वारीला सोनं आहे, पण कुंडीत ती पाणी धरून बसते आणि मुळांना श्वास घेऊ देत नाही. तिच्यात चुनखडी, बोअरच्या पाण्यात पुन्हा चुना. पाऊस उघडला की शेवंतीची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. लोक त्यावर युरिया टाकतात. तो नत्राचा तुटवडा नसतो. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळं झाडाला मिळत नाही. मी पोयटा, कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू समसमान घेते, वर मूठभर निंबोळी पेंड. आणि पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवते, ते फक्त शेवंतीला.

महिन्याभरानं शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूचे फुटवे निघतात, त्यांचेही एकदा. पण पोळ्यानंतर नाही. हा हिशोब माझ्या सासूबाईंचा, आणि तो शास्त्राला धरून आहे. शेवंती दिवस आखूड होण्याची वाट बघते. परभणीत जूनचा मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरचा लहान दिवस अकराच्या. युरोपातल्यासारखा सोळा तासांचा दिवस इथं कधीच नसतो, म्हणून तर उन्हाळ्यातही चुकार कळ्या येतात. पण जोमानं कळी धरण्याचा काळ भाद्रपदापासूनचा. तेव्हा शेंडा खुडला तर तुम्ही कळीच खुडता. महालक्ष्म्यांना घरची शेवंती मिळत नाही याचं कारणही हेच. तेव्हा बाजारात येणारी बाहेरून आलेली असते. घरची येते ती दिवाळीच्या पुढंमागं आणि मार्गशीर्षभर.

आमच्या गल्लीत एका फाटकाशी ठेवलेली कुंडी नोव्हेंबरातही हिरवीगार, कळीचं नाव नाही. माझ्याच आई-झाडाचं कलम, खतपाणी उत्तम. रात्री जाऊन पाहिलं तर वर खांबावरचा पांढरा दिवा थेट झाडावर. शेवंती मोजते ती खरं तर रात्र, आणि रात्र तुटली की तिचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. कुंडी फक्त भिंतीमागं सरकवली. पुढं महिना-दीड महिन्यात कळ्या दिसल्या. ही मोजणी पानं करतात. 1930च्या दशकात रशियात मिखाईल चैलाख्यान यांनी शेवंतीवरच ते दाखवलं होतं. पानांना आखूड दिवस दिला आणि शेंडा लांब दिवसात ठेवला तरी फुलं आली. उलट केलं तेव्हा नाही. म्हणजे पान काहीतरी निरोप शेंड्याकडं धाडतं. तो निरोप कशाचा आहे हे कळायला जगाला पुढं कितीतरी दशकं लागली. म्हणून कळी धरण्याच्या दिवसांत मी शेवंतीची निरोगी पानं कधीच छाटत नाही.

नर्सरीतल्या दिवाळीच्या कुंड्यांबद्दल एक सांगायचं आहे. वीतभर उंच, फुलांनी गच्च भरलेली ती झाडं पुष्कळदा उंची रोखणारं औषध फवारून बुटकी केलेली असतात. त्यांचं कलम पुढच्या वर्षी गुडघ्यावर गेलं तर जात बदलली असं समजू नका. ही तिची खरी उंची आहे. तिला काठी द्या. फुलं झाल्यावर ती कुंडी कचऱ्यात टाकली जाते याचं मला फार वाईट वाटतं, कारण तिच्या बुडात काश्या आलेल्या असतात.

कलम म्हणजे झाडाची लेक नव्हे, तेच झाड. मावशी गेली, तिचा वाडा गेला, पण तिच्या अंगणात वाढलेलं जे झाड होतं तेच आज माझ्या हौदाजवळ आहे. या गोष्टीनं मी हरखते, आणि तिच्यामुळंच मला सावधही राहावं लागतं, कारण झाडाचा गुण जसा टिकून राहतो तसा आजारही. शेवंती खुजी करणारा एक रोग 1945 च्या सुमारास अमेरिकेत लक्षात आला. तो विषाणूहूनही लहान अशा व्हायरॉइडचा निघाला, जो कलमातून आणि कापणाऱ्या पात्यावरून पसरतो. उपाय फवारणीत नाही. म्हणून प्रत्येक झाडानंतर ब्लेड ब्लीचच्या पाण्यात बुडवते, आणि खुजं, आखूड पानांचं झाड कितीही जुनं असलं तरी आई म्हणून ठेवत नाही. देताना चांगल्यातलं देते. उरलेल्यातलं दिलं तर तोच रोग चार घरी जातो.

माझ्याकडं झिप्री आहे, पांढरी राजा आहे, बटणाएवढी पिवळी आहे. एक नाही. सेलूच्या बाजूला पूर्वी घराघरांत विटकरी रंगाची, मधे पिवळा डोळा असलेली, उग्र वासाची शेवंती असायची. हल्ली ती मला कुठं दिसत नाही. कुणाच्या अंगणात असेल तर या वर्षी फुलं गेल्यावर ती उपटू नका. वीतभर ठेवून कापा आणि उन्हाळाभर सावलीत पाणी द्या. मला चार शेंडे पुरतील. बदल्यात झिप्रीची मुळं धरलेली रोपं देईन, हवी तेवढी.