वजन आणि वर्ग

'या साहित्यप्रकाराला हा आशय पेलत नाही' असे वाक्य आम्ही अध्यापनाच्या काळात अनेकदा उच्चारले आहे. त्यातील 'पेलणे' हे क्रियापद मात्र आम्हांला समीक्षाग्रंथांतून मिळालेले नाही. ते चांदवडला, कांद्याच्या गोण्या मोजताना मिळाले. आणि त्याची किंमत आमच्या धाकट्या काकांनी मोजली.

१९८०च्या दशकात आमच्या घरी दोन जुन्या फोर बाय फोर गाड्या होत्या. वडिलांची गाडी लष्कराच्या लिलावातून आलेली, जबलपूरच्या कारखान्यात बनलेली निसान 'वन टन'. काकांची गाडी जीपच्या कुळातली, लहान पिकअप. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या मळ्यात पावसाने वाट मोडली की दोन्ही गाड्या चारी चाकांनी चिखल कापीत सारख्याच निघून येत. त्यामुळे बघणाऱ्याला वाटे, एक थोरली आणि एक धाकटी, एवढाच काय तो भेद.

वस्तुतः भेद नावातच सांगितलेला होता. 'वन टन' म्हणजे गाडीचे स्वतःचे वजन नव्हे. तिने वाहायच्या ओझ्याचे ते माप. दुसऱ्या महायुद्धातली जीप अमेरिकी सैन्याच्या लेखी पाव टनाचा ट्रक होती, तर त्याच युद्धातली डॉज पाऊण टनाची. त्यांचा टन २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा. पन्नास किलोंच्या गोणीने हिशेब केला तर पाव टनात साडेचार गोण्या बसतात, पाऊण टनात साडेतेरा आणि एका टनात अठरा. शिवाय लष्करी आकडा आडरानातला असतो. चांगल्या रस्त्यावर तीच गाडी त्याहून अधिक नेते. म्हणजे आकडा वाचायचा तर तो कोणी आणि कोणत्या वाटेसाठी लिहिला, हेही ठाऊक हवे.

विलिस कंपनीच्या १९५६-५७च्या एफसी-१५० आणि एफसी-१७० या भावंडांत हे फार स्पष्ट दिसते. दोघींचा तोंडवळा एकच, दोघींत चालक इंजिनाच्या जवळजवळ वरच बसतो. परंतु पहिलीच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ८१ इंच, दुसरीचे १०३.५ इंच. माल धरून पहिलीचे एकूण वजन ५,००० पौंडांपर्यंत चाले, दुसरीचे ७,००० पौंडांपर्यंत. यांतल्या १५०ची निर्मिती पुढे महिंद्राने भारतातही केली. चेहऱ्यावरून वर्ग ओळखू पाहणारा येथे हमखास फसेल.

खरा भेद आम्हांला मनमाडच्या एका मेस्तरीने दाखवला. पण तो नंतर. हलक्या वर्गाच्या गाडीत मागचा अॅक्सलचा दांडा सहसा दोन कामे करतो. तो चाक फिरवतो आणि गाडीचा भारही सोसतो. जड वर्गात भार बाहेरच्या नळीवर आणि चाकाच्या बेअरिंगांवर पडतो. दांड्याने केवळ फिरवायचे. याला ते लोक 'फुल फ्लोटिंग' म्हणतात. तिथे दांडा तुटला तर गाडी थांबते, चाक जागेवर राहते. हलक्या गाडीत दांडा तुटला तर चाकच निघून जाते.

१९८६च्या उन्हाळ्यात आम्ही महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होतो. सुट्टीत गोण्या मोजण्याचे काम आमच्याकडे असे. कांद्याचा भाव उतरणीला लागला होता. माल त्याच दिवशी लासलगावला पोचावा अशी घाई होती. वडिलांच्या गाडीत सव्वीस गोण्या चढल्या आणि ती काही न बोलता निघून गेली. काकांनी अठरावर हात वर केला. आम्ही म्हणालो, "काका, दादांच्या गाडीत सव्वीस गेल्या, तुमच्या का नाही जाणार?" ते हसले आणि म्हणाले, "टाक मग." आम्ही टाकल्या.

लासलगावच्या अलीकडे दांडा तुटला. मागचे चाक गाडीच्या पुढे धावत गेले आणि गाडी चारीत कलंडली. काका वाचले, पण उजवा गुडघा पुन्हा वाकला नाही. त्यानंतर कोणत्याही पंगतीत ते मांडी घालून बसले नाहीत. त्यांच्यासाठी भिंतीशी खुर्ची ठेवली जाई, आणि ती आम्ही ठेवत असू.

गाडीचा दोष नव्हता. आम्ही क्षमता आणि हिंमत यांत गल्लत केली होती. आजच्या मोटार वाहन कायद्याने पाहिले तर ७,५०० किलोंच्या आतली ती दोन्ही वाहने 'हलकी'च ठरतील. वर्गाचे नाव इतके ऐसपैस असू शकते, की त्याच्या आत एकाचा दांडा तुटतो आणि दुसऱ्याला काही जाणवतही नाही. पुढे शिकवताना आम्ही हीच चूक वेगळ्या वेषात करू लागलो होतो. लघुकथेने कादंबरीइतके सांगितले नाही म्हणून तिला उणे ठरवायचे. एका विद्यार्थ्याने तीस पानांचा निबंध लिहिला म्हणून दुसऱ्याकडेही तीस पाने मागायची. मागणाऱ्याला त्यात न्याय दिसतो, कारण मोजणी सारखी असते. भार कोठे पडतो, हे त्याने पाहिलेले नसते.

काकांनी आम्हांला कधी दोष दिला नाही, आणि आम्हीही त्यांची माफी शब्दांत मागितली नाही. बऱ्याच वर्षांनी घरी नवी पिकअप आली. पूजा झाली, नारळ फुटला. काका काठी टेकीत गाडीभोवती फिरले, दाराच्या चौकटीवरची पट्टी त्यांनी बोटाने पुसली आणि आम्हांला जवळ बोलावून म्हणाले, "चष्मा आणला नाही मी. किती लिहिलंय, ते मोठ्यानं वाच."

आम्ही वाचले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले.