दुधाचे दांत

दुधाच्या दांतांकडे आपल्याकडील वडील माणसें धर्मशाळेंतील उतारूंकडे पाहावें तशीं पाहतात. आज आले आहेत, उद्यां जाणार आहेत. त्यांची एवढी सरबराई कशाला? पहिला दांत दिसला कीं शेजारीं वर्दी जाते, आणि पुढें पांच-सहा वर्षांनीं तो पडला म्हणजे तो कौलांवर फेकण्याचा किंवा उंदराच्या बिळांत टाकण्याचा समारंभही होतो. पण या दोन समारंभांच्या मधल्या काळांत त्या दांताचें काय झालें याची विचारपूस करणारे विरळाच. आम्ही पंचवटींत राहतों. गोदाकांठच्या या वस्तींत मुलांच्या लाडाला तोटा नाहीं, आणि लाड म्हणजे बहुधा गोड. तेव्हां हा विषय आमच्या दारांतलाच आहे.

दुधाचे दांत २० असतात. पहिला सुमारें सहाव्या महिन्यांत येतो व तिसऱ्या वर्षाच्या आंतबाहेर संख्या पुरी होते, इतकें बहुतेकांस ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें हें कीं, हे वीसही एकदम निरोप घेत नाहींत. पुढचे दांत सहाव्या-सातव्या वर्षीं पडूं लागतात. परंतु मागच्या दाढा दहाव्या, अकराव्या, कधीं बाराव्या वर्षापर्यंत राहतात. या अंकाच्या वाचकांपैकीं पांचवी इयत्तेंतील ज्यांना आपण मोठे झालों असें वाटतें, त्यांच्याही तोंडांत एखादी दुधाची दाढ अजून चाकरी करीत असेल. आठ-दहा वर्षें मुक्काम करणाऱ्यास उतारू कसें म्हणावें? त्यांतून या दाढा नव्या दांतांची जागा राखून ठेवतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागें पहिली कायमची दाढ गुपचूप उगवते. पुढची दुधाची दाढ वेळेआधीं गेली तर ही नवी दाढ पुढें सरकते, आणि मागाहून येणाऱ्या दांताला वाट उरत नाहीं. मग तो वांकडातिकडा निघतो. आगगाडींत रुमाल टाकून धरलेली जागा रुमाल उचलतांच जाते, तसाच हा प्रकार. शिवाय ही सहा वर्षांची दाढ कोणताही दांत न पडतां येते, म्हणून घरोघर ती दुधाचीच समजली जाते, व जन्मभर पुरावयाची वस्तु पुष्कळदां आठव्या वर्षींच किडून जाते.

आपण म्हणतों, दांताला कीड लागली. सुश्रुतानेंही या रोगास कृमिदंतक असें नांव दिलें आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दांतांतील अळ्या पाडण्याचा उपचार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. परंतु दांतांत अळी नसते. बर्लिनमध्यें काम करणारे अमेरिकन दंतवैद्य डब्ल्यू. डी. मिलर यांनीं १८९० सालीं आपल्या ग्रंथांत मांडलें कीं, तोंडांतील सूक्ष्म जंतू साखर व पिठूळ पदार्थ यांपासून आम्ल तयार करतात आणि तें आम्ल दांताचें कवच विरघळवितें. पुढें त्यांत पुष्कळ भर पडली, पण मूळ गोष्ट टिकली. गोड पदार्थ तोंडांत गेला कीं आम्ल चढतें. तें उतरून लाळेनें डागडुजी करण्यास बराच वेळ जावा लागतो. तेवढ्यांत दुसरा गोड घांस गेला कीं लाळेचें काम अर्धवट राहतें. म्हणजे मुलानें गोड किती खाल्लें यापेक्षां किती वेळां खाल्लें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. दुपारच्या पानांत वाटीभर श्रीखंड खाणारा मुलगा एकदांच अपराध करतो. खिशांत प्रसादाचे साखरफुटाणे घालून दिवसभर एकेक तोंडांत टाकणारा मुलगा दिवसभर करतो.

हीच गोष्ट स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील रुग्णालयांत १९४५ नंतरच्या वर्षांत प्रयोगानें सिद्ध झाली. तेथील मनोदुर्बल रुग्णांस जेवणाच्या मध्यंतरीं चिकट टॉफी देऊन त्यांचे दांत किडूं दिले गेले. त्यांची संमति कोणी विचारली नव्हती. आज दंतवैद्य आपणांस जो सल्ला सहज देतात, त्याची किंमत ज्यांना नाहीं म्हणतां येत नव्हतें त्यांनीं दिली, हें आमच्या मनांतून जात नाहीं.

तान्ह्या मुलांचें दुखणें निराळ्या वाटेनें येतें. बाळ झोपेना म्हणून त्याच्या तोंडांत साखर घातलेल्या दुधाची बाटली दिली जाते. झोपेंत लाळ कमी सुटते, आणि तें दूध वरच्या पुढच्या दांतांभोंवतीं साचून राहतें. खालच्यांवर जिभेचें पांघरूण असतें, म्हणून ते वांचतात. आरंभीं हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते. वरचा ओठ उचलून पाहणाऱ्या आईलाच ती दिसेल. त्या वेळीं फ्लोराइडचा लेप लावून व बाटली बंद करून कीड थांबवितां येते; रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला म्हणजे मग तसें होत नाहीं. दुधाच्या दांताचें कवच पातळ असल्यामुळें कीड त्यांत लवकर आंत शिरते.

घासण्याविषयीं फार लिहीत नाहीं. पहिला दांत येतांच घासण्यास आरंभ करावा. तीन वर्षांच्या आंत तांदुळाच्या दाण्याएवढी व पुढें वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. रात्रीं झोपण्यापूर्वींचें घासणें चुकवूं नये, आणि सात-आठ वर्षांपर्यंत घासण्याचें काम मोठ्यांनीं करावें. ज्याला बुटाची नाडी नीट बांधतां येत नाहीं, त्याला मागच्या दाढा घासतां येतील अशी आशा कां धरावी? आणि एक. ज्या घरांत आजी सकाळीं मिशरी लावीत बसते, त्या घरांतील नातवंड मंजन म्हणून तीच बोटावर घेतें. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर आणि टूथपेस्टवर सरकारनें १९९२ सालीं बंदी घातली. चुलीवर भाजलेल्या तंबाखूस मात्र कायदा कोठें पोहोंचतो?

आमच्या आळींत एक पांच वर्षांचा मुलगा आहे. त्याची खालची दाढ किडली होती. घरच्यांना तें दिसत नव्हतें असें नाहीं. त्याची आजी मोठी व्यवहारी बाई; पण तिचेंही उत्तर ठरलेलें, "मास्तर, पडायचाच दांत तो. त्याच्यावर कशाला पैसा घालायचा?" लवंगेच्या तेलावर व मिठाच्या गुळण्यांवर दिवस निघत. मग रात्रीं दुखूं लागलें. भिंतीपलीकडून त्याचें रडणें आम्हांस ऐकूं येई. मूल एका बाजूनें जेवूं लागलें, पुढें भाकरी सोडून मऊ भातावर आलें, आणि शेवटीं दुधांत बुडविलेल्या बिस्किटांवर. तीं बिस्किटें उरलेल्या दाढांना चिकटत. गालाला सूज आली तेव्हां त्यास एका दवाखान्यांत नेलें. तेथें दोघांनीं हातपाय धरले व तिसऱ्यानें तोंड उघडण्याचा यत्न केला. दाढ निघाली नाहीं. मुलगा मात्र तोंड मिटून बसला तो बसलाच. टूथब्रश दिसला तरी खाटेखालीं जाई.

मुंबई-आग्रा रस्त्यावर, येथें पंचवटींतच, महात्मा गांधी विद्यामंदिर या संस्थेचें कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंतमहाविद्यालय व रुग्णालय आहे. देशांतील पहिलें दंतमहाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास काढलें, आणि मुंबईस नायर दंतमहाविद्यालय १९३३ सालीं निघालें. तेव्हांच्या नाशिककरांस असल्या संस्थेसाठीं आगगाडी गांठावी लागे. आमच्या शेजाऱ्यांना दहा मिनिटें पुरलीं असतीं. मुलाची आई आम्हांस म्हणाली, "मास्तर, तुम्ही बरोबर चला. तुमचं ऐकतो तो." म्हणून आम्ही गेलों.

लहान मुलांच्या दांतांचें शास्त्र आतां स्वतंत्र झालें आहे. त्यांतील अर्धी विद्या दांतांची आणि अर्धी मुलांची, असें आमचें त्या दिवसापासूनचें मत. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनीं मुलाला खुर्चीवर बस म्हटलेंच नाहीं. त्याच्या हातांत पिवळा खेळण्यांतला ट्रक होता. छोट्या आरशानें त्यांनीं त्या ट्रकचीं चाकें मोजलीं. मग मुलाचीं बोटें मोजलीं. मग म्हणाल्या, "बाळा, दांत किती आहेत तुला? मला वाटतं पन्नास." "वीस!" म्हणण्यासाठीं त्यानें तोंड उघडलें, आणि आरसा आंत गेला. या पद्धतीचा नियम असा कीं, आधीं सांगावें, मग दाखवावें, मग करावें; अ‍ॅडेलस्टन नांवाच्या अमेरिकन दंतवैद्यानें १९५९ सालीं तो लिहून ठेवला. पाणी ओढणारी नळी म्हणजे तहानलेली नळी. ती आधीं मुलाच्या तळहातावर ठेवून तिचें पाणी पिणें दाखविलें. पहिल्या दिवशीं एक्स-रे काढला, सुजेवर औषध दिलें, आणि त्याला घरीं पाठविलें.

इंजेक्शन पुढच्या खेपेस झालें. हिरडीवर आधीं बधिर करणारा गोड लेप लावला. बाई म्हणाल्या, "आतां दाढेला झोपवूं या. मुंगी चावल्यासारखं वाटेल, मी पांच म्हणेपर्यंत." पांच म्हणेपर्यंत मुलगा रडला, व पुढें थांबला. त्याच्या आईच्या ओठांवर "कांहीं दुखणार नाहीं हं" हे शब्द आले होते. बाईंनीं तिला डोळ्यांनींच थांबविलें. बाहेर आल्यावर त्यांनीं कारण सांगितलें. तें वाक्य ऐकणाऱ्या मुलाला त्यांतला एकच शब्द ऐकूं येतो, तो म्हणजे दुखणें. आणि मग थोडें जरी दुखलें तरी आईही खोटी ठरते आणि डॉक्टरही. त्याहून वाईट म्हणजे घरोघरची ती धमकी: गप्प बस, नाहींतर डॉक्टर सुई टोचील. ज्याच्याकडे उद्यां मुलाला न्यावयाचें त्यालाच आज बागुलबोवा करून ठेवण्यांत कोणतें शहाणपण आहे, हें आम्हांस आजवर कळलेलें नाहीं. पाव्हणेमंडळींनीं मुलांदेखत आपापल्या दाढा काढल्याच्या रसभरित कथा सांगणें, हाही त्यांतलाच मासला.

दाढ काढली नाहीं. तिची नस साफ करून मुळें भरलीं, व वर पोलादी टोपी बसविली. ओठ बधिर आहे तोंवर मूल गंमत म्हणून तो चावतें व मागाहून मोठी जखम निघते, एवढें लक्ष ठेवण्यास सांगितलें. आतां तो मुलगा ती टोपी येणाऱ्याजाणाऱ्यास दाखवितो. टपालवाल्यासही दाखवून झाली आहे. भाकरी खातो, आणि रात्रीं भिंतीपलीकडे शांतता असते.

त्याला एक बहीण आहे, अकरा महिन्यांची. तिला दोन दांत आले होते. पहिला दांत आल्यापासून सहा महिन्यांत, निदान वर्षाच्या आंत, मूल एकदां दाखवून न्यावें, असें बाईंनीं बजावलें होतें. या खेपेस आजीही निघाली. दुखत नसतां डॉक्टरकडे जाणें म्हणजे काय, हें तिला प्रत्यक्ष पाहावयाचें होतें. आई व डॉक्टरीणबाई समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसल्या. पोरीचे पाय आईकडे, डोकें बाईंच्या मांडीवर. पोरीनें टाहो फोडला. "रडूं द्या," बाई म्हणाल्या, "तोंड उघडं राहतं." अर्ध्या मिनिटांत काम आटोपलें. पांढरी रेघ नव्हती. रात्रीची बाटली सोडविण्याची युक्ति सांगून त्या हात धुवावयास उठल्या, तोंच आजीनें पदर सांवरला. "बाई," ती हळूच म्हणाली, "माझेही जरा बघतां का?" तिला मोठ्या माणसांच्या विभागांत जावयास सांगण्यांत आलें. तेथें गर्दी होती. आम्ही, नातू व त्याचा पिवळा ट्रक बाकावर बसून तिच्या नंबराची वाट पाहूं लागलों.