पाचची घंटा

आश्रमशाळेत मुलींची अधीक्षिका म्हणून मी २०२३ च्या जूनमध्ये रुजू झाले. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, मोलगीच्याही पुढे सातपुड्याच्या आत. मी जळगाव जिल्ह्यातली, अहिराणी बोलत वाढलेली. ‘नंदुरबार म्हणजे आपलंच की, १९९८ पर्यंत धुळ्यातच होतं,’ असं म्हणत घरच्यांनी मला धीर दिला होता. नेमणुकीनंतर कामं समजावून सांगण्यात आली: हजेरी, धान्यसाठा, भोजनगृह, स्वच्छता. एकशे ऐंशी मुलींना झोपवायचं कसं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मला मूल नाही. लहान भावंडं नाहीत. एखादं पोर रात्री झोपत नसेल तर काय करतात, हे मला खरोखरच माहीत नव्हतं.

पहिल्या रात्री साडेदहाला दिवे बंद केले आणि दहा मिनिटांत पहिलीतली एक मुलगी रडायला लागली. मग दुसरी, मग त्या भिंतीकडच्या चार-पाच. त्या मुलीच्या तोंडी एकच शब्द: ‘याहा, याहा.’ मला वाटलं बहिणीला हाक मारतेय. टॉर्च घेऊन हजेरीपट उघडला, सगळ्या वर्गांची नावं पाहिली. अशा नावाची कुणीच नव्हती. आठवडाभर मी रोज रात्री तिला तेच विचारत होते, ‘कुठल्या वर्गात आहे ती?’ आणि ती आणखीच रडत होती. मग एका बाजाराच्या दिवशी मोलगीला गेले. समोर उभ्या असलेल्या जीपच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: याहा मोगी. देवमोगऱ्याची देवी, हे मला ऐकून ठाऊक होतं. शेजारच्या बाईला विचारलं, याहा म्हणजे काय हो? ती म्हणाली, ‘आई.’ त्या जीपमध्ये बसून शाळेपर्यंतचा सगळा घाट मी गप्प होते.

त्या रात्री कामाठी मावशींना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, ही पोरं घरी एकटी कधी निजलीच नाहीत.’ पाड्यावर दिवस मावळला की भाकरी, भाकरी झाली की निजानीज. लहान पोर आजीच्या पाठीला चिकटून झोपतं. झोपायला वेगळं कुणी सांगावं लागत नाही, सगळं घरच झोपत असतं. इथे आम्ही त्याच पोराला लोखंडी पलंगावर एकटं टाकत होतो, डोक्यावर ट्यूबलाइट, आणि त्याच हॉलमध्ये दहावीच्या मुली मोठ्याने पाठांतर करत होत्या. मावशींनी पलंग बाजूला लावले, गाद्या जमिनीवर जोडून अंथरल्या आणि एकाच पाड्याच्या मुली शेजारी शेजारी निजवल्या. पहिलीतल्या त्या मुलीचं रडणं चौथ्या-पाचव्या दिवशी थांबलं.

तरी सकाळी मुली पेंगतच होत्या. प्रार्थनेला उभ्या असताना एक-दोघी खाली बसायच्या, पहिलीच्या बाई सांगायच्या की दुसऱ्या तासाला अर्धा वर्ग बाकावर आडवा असतो. साडेदहाला दिवे, पाचला घंटा. म्हणजे साडेसहा तास, तेही पडल्या पडल्या डोळा लागला तर. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये काढलेलं कोष्टक मला मोबाईलवर सापडलं: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. सहा वर्षांच्या मुलीचे रोजचे किमान अडीच तास आम्ही घेत होतो.

घंटा पाचलाच का? ज्याला विचारलं तो म्हणाला, पहिल्यापासून पाचलाच आहे. शेवटी एका पहाटे घड्याळ आणि वही घेऊन मी न्हाणीघरांपाशी उभी राहिले. मुली एकशे ऐंशी, न्हाणीघरं नऊ. एकेका दारापुढे वीस जणींची रांग, एकीला पाच मिनिटं. एक तास चाळीस मिनिटं. मग प्रार्थना सातला घ्यायची तर घंटा पाचलाच हवी. पोरींची झोप नळांनी ठरवली होती.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. पहिली ते चौथीच्या सत्तर मुलींची आंघोळ शाळा सुटल्यावर चारला, उन्हं असताना घ्यायची. उरलेल्यांची सकाळी तासाभरात आटोपते. प्रार्थना पंधरा मिनिटं पुढे. ते हिशेबाकडे पाहून म्हणाले, ‘करा.’ रिकामी पडलेली एक वर्गखोली झाडून घेतली, तिथे पिवळा बारीक दिवा लावला. धाकट्या आठला तिथे, उठायचं साडेसहाला. मोठ्यांचे दिवे आधी नऊला बंद, घंटा सहाला. पंधरवड्यात पहिलीच्या बाई स्वतःहून सांगायला आल्या की आता कुणी बाकावर डोकं टेकत नाही.

पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासनाचा निर्णय आला. त्याआधी डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला होता. मला फार बरं वाटलं. पण निवासी शाळेत पहिला तास कितीचा, यावर झोप ठरत नाही. ती घंटेवर ठरते, आणि घंटेचं कारण पाहायला न्हाणीघरापर्यंत जावं लागतं.

आठवी-नववीच्या मुलींचं मला कितीतरी दिवस कळलं नाही. नऊला अंथरुणात घातल्या तरी अकरापर्यंत कुजबुज. मी रागावले, दोनदा व्हरांड्यात उभं केलं. आज त्याचं वाईट वाटतं. वयात येताना शरीरातलं घड्याळच मागे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन दोन-दोन तास उशिरा पाझरू लागतं, हे मी नंतर वाचलं. कॅलिफोर्नियात तर याच कारणासाठी २०२२ पासून मोठ्या मुलांची सरकारी शाळा साडेआठच्या आधी भरत नाही. ज्या मुलीला नऊला झोप येऊच शकत नाही, तिला झोप म्हणून मी शिक्षा करत होते. आता साडेनऊला अभ्यासिका संपते, मग अर्धा तास वेण्या, तेल, गप्पा. त्यात मीही बसते. दहाला दिवे.

दिवाळीच्या सुटीनंतर मात्र सगळं विस्कटलं. घरच्या मोबाईलवर मध्यरात्रीपर्यंत व्हिडिओ पाहून आलेल्या मुली दोनपर्यंत टक्क जाग्या. रात्री लवकर झोपवायचा हट्ट सोडून मी सकाळ धरून ठेवली. कितीही वाजता झोपली असो, सहाला उठायचं आणि पहिल्या उन्हात मैदानावर यायचं. दुपारी झोपायचं नाही. पाच-सहा दिवसांत रात्र आपोआप जागेवर आली. होळीनंतरही हेच केलं. काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, रात्रभर ढोल आणि नाच. मुली लाल डोळ्यांनी परत आल्या आणि नाचाबद्दल बोलताना थांबेनात. वर्षातली ती एक रात्र त्यांच्याकडून काढून घेण्याचा विचारही माझ्या मनात आला नाही.

आता ते सांगते, जे सांगायला जड जातं.

चौथीतली एक मुलगी रोज अंथरूण ओलं करायची. पहाटे उठून कुणाला न कळता चादर पिळायची, भिंतीवर वाळत घालायची. जानेवारीची थंडी, तिचे हात निळे पडायचे. मला वाटलं, उपाय साधा आहे. संध्याकाळी सहानंतर पाणी द्यायचं नाही. मी तिचा पेला स्वतः कपाटात ठेवला. तीन-चार रात्री तिने पाणी मागितलं, मी समजूत घातली, सकाळी पी हं बाळा. चादर तरीही ओलीच. पाचव्या रात्री दोनच्या सुमारास ती गुडघे पोटाशी घेऊन विव्हळत होती. पाय दुखतात, हात लावू देईना. जीपने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि विचारलं, हिचं सिकलसेलचं कार्ड कुठे आहे? कार्ड तिच्या पत्र्याच्या पेटीत होतं, तळाशी, परकराच्या घडीत. मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

मग त्यांनी कागदावर मूत्रपिंड काढून दाखवलं. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांना इजा करतात. मग मूत्रपिंडाला पाणी राखता येत नाही, लघवी पातळ आणि खूप होते, रात्रीही. अशा मुलाचं पाणी तोडलं तर लघवी थांबत नाही, रक्त मात्र दाटतं, पेशी अडकतात आणि हाडं ठणकतात. ‘हिला दिवसभर भरपूर पाणी, रात्री उशाशी बाटली, आणि मध्ये एकदा उठवायचं,’ ते म्हणाले. माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्या खाटेशेजारी सकाळपर्यंत बसले होते, आणि ती झोपेतही ओठ चाटत होती.

परत आल्यावर एकशे ऐंशी पेट्या उघडून सगळी कार्डं पाहिली, वेगळी यादी केली. संडासाच्या वाटेवर दिवा बसवून घेतला, कारण अंधाराच्या भीतीने किती मुली रात्री उठायचंच टाळत होत्या, तेही तेव्हाच कळलं. त्या मुलीला साडेअकराला उठवायचं काम नववीतल्या एका समजूतदार मुलीने आपणहून मागून घेतलं. मला ते फार आवडलं होतं.

ती नववीतली मुलगी आता दहावीत आहे. परवा रात्री सव्वाअकराला फेरी मारताना तिच्या पांघरुणाखाली उजेड दिसला. पांघरूण सारलं तर भूगोलाचं पुस्तक आणि टॉर्च. म्हटलं, दहाला दिवे बंद झालेत ना गं? ती दचकून उठून बसली. ‘मॅडम, तिला उठवायचं असतं. मध्येच झोप लागली तर जाग येणार नाही म्हणून वाचत बसते.’

वर्षभर ती रोज दीड तास कमी झोपत होती, आणि तिने ते मला एकदाही सांगितलं नव्हतं. मी टॉर्च तिच्या हातातून घेतली, पांघरूण नीट केलं आणि धाकटीला उठवायला गेले. आता साडेअकराचा गजर माझ्या मोबाईलवर आहे.