दांडीची भरती

उधन्याहून समुद्र फार दूर नाही. तरीही येथील कितीतरी खानदेशी घरांनी तो पाहिलेला नसतो. अमळनेर, दोंडाईचे, नंदुरबारकडून तापी खोऱ्याच्या गाडीने उतरायचे, मागांच्या खडखडाटात पाळ्या करायच्या आणि लग्नसराईत त्याच गाडीने परतायचे. पश्चिमेकडे तोंड करून बसायला सवड कोणाला? माझे वडील पस्तीस वर्षे मागावर राबले. “पुढच्या दिवाळीत तुझ्या आईला समुद्र दाखवू,” असे ते दरवर्षी म्हणत आणि तसेच म्हणत निघून गेले. मी शाळेच्या तीन सहली दांडीला नेल्या. आईला मात्र एकदाही नेले नाही. हे उमगले तेव्हा तिला ऐंशी सरली होती.

माघी पौर्णिमेला तिनेच समुद्रस्नानाचा विषय काढला. सकाळच्या गाडीने भेस्तान, सचिन, मरोली करीत नवसारीला उतरलो, पुढे रिक्षा. कोकणातील एका स्नेह्याने शिकविलेले गणित मी आदल्या रात्रीच मांडले होते. तिथीला तीनाने गुणावे, चाराने भागावे, की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेचे पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. साडेदहाला किनाऱ्यावर पोहोचलो आणि पाहतो तो दूरवर नुसती काळसर ओली वाळू आणि चिखल! पलीकडे पाण्याची बारीक रुपेरी रेघ.

“समिंदर कोठे शे?” आईने विचारले.

गणित कोकणचे होते. इकडे, खंभातच्या आखाताच्या बाजूला, भरती मुंबईच्या मागून येते, एवढे साधे भान या मास्तराला राहिले नव्हते.

आम्ही झाडाच्या सावलीत बसून राहिलो. वेळ काढायचा म्हणून मी तिला मिठाची कथा सांगू लागलो: १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेली पदयात्रा, ५ एप्रिलचे येथील आगमन, दुसऱ्या दिवशी सकाळी गांधीजींनी उचललेले मूठभर मीठ. त्या यात्रेत आपले पंडित नारायण मोरेश्वर खरेही होते, विष्णु दिगंबरांचे शिष्य आणि आश्रमाचे गायक. पुढे १९३८ साली, सुरत जिल्ह्यातील हरिपुऱ्याच्या अधिवेशनाच्या वेळी त्यांना मृत्यूने गाठले. माझा आवाज वर्गातला झाला असावा. आई मध्येच म्हणाली, “आम्ही लहानपणी बाजारात ज्वारी देऊन मीठ आणायचो. ओंजळभर ज्वारी जाई आणि मीठ चिमूटभर येई.” माझ्या कथेत ही ज्वारी कधी आली नव्हती.

मग ती एकाएकी उठली. “पानी ई राहिनं!” माझे लक्ष घड्याळाकडे होते, तिचे वाळूकडे. सपाट किनाऱ्यावर पाणी लाटांनी नव्हे, जणू पावलापावलाने सरकत होते. खेकड्यांची बिळे एकेक करून बुडत होती. दीडच्या सुमारास ते आमच्यापाशी आले. आईने नारळ वाहिला, लुगडे सावरीत घोटाभर पाण्यात गेली. मी दंड धरला होता. तो तिने सोडविला. ओंजळ तोंडाला लावली, थुंकली आणि पोरीसारखी हसली.

परत निघताना पिण्याच्या पाण्याची बाटली तिने रिकामी केली आणि समुद्राच्या पाण्याने भरून घेतली. कशासाठी, ते मी विचारले नाही. गाडीत गर्दी होती. उधना येईपर्यंत ती बाटली तिने मांडीवर उभी धरली होती. घरी आल्यावर चपला काढण्याआधी तिने ती वडिलांच्या तसबिरीखाली ठेवली.